पंख्यांवर नावं, तुमचा कोपरा रिकामा

प्रिय पप्पा,

सलाम.

पत्र लिहायला बसले त्याचं कारण एवढंच की रंग वाळायचाय. रंग वाळत असताना पेंटरने त्याच्याकडे बघत बसू नये, रंगाला लाज वाटते, असं तुम्हीच म्हणायचात ना! तर मी बघत नाहीये. आपल्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर वेदीकडे पाठ करून बसलेय आणि उपासनेच्या जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. शनिवारची दुपार आहे. वॉचमन जेवायला गेलाय. शिडी, डबे, हात टेकायची तुमची ती कापसाचा बोळा बांधलेली काठी, सगळं इथंच पडलंय.

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर तुमचे तीन शब्द आहेत. सर्व गौरव देवाला. तुमची अक्षरं ओलीने खाल्ली, म्हणून नव्या प्लास्टरवर ती मी पुन्हा काढली. 'देवाला'वर शेवटचा हात आत्ताच मारलाय. त्याच्याखाली उजव्या कोपऱ्यात अजून एक बारीक ओळ लिहायची आहे, पण काठी जिथे टेकायची तीच जागा ओली आहे. म्हणून थांबलेय.

त्या ओळीत तुमचं नाव असणार आहे.

हो, बरोबर ऐकलंत. ओरडा आता!

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. एवढ्या दिवसांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. नेरूळच्या त्या बैठ्या खोलीत आपण तिघं एकमेकांच्या पायांत पाय अडकवून राहिलो, पत्रं कशाला लिहायची? भांडायचं ते तोंडावर भांडायचो. खरं तर मी भांडायचे. तुम्ही हसून ब्रश पुसत बसायचात, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. आज तरी मध्ये उठून जाऊ नका. पूर्ण ऐका.

मागच्या पावसात ही भिंत ओल धरून बसली. आधी 'सर्व' फिकट झाला, मग 'गौरव' पोपड्यांसकट वेदीवर पडायला लागला. कमिटीने प्लास्टर नवीन करून घेतलं आणि ठरवलं की आता अॅक्रिलिकची अक्षरं लावायची, मागून लाइट पेटणारी. भालेराव अंकलनी मोबाइलवर फोटो दाखवला. पप्पा, सोनाराचं दुकान वाटत होतं!

मी म्हणाले, "थांबा. मी रंगवते. पप्पांचे ब्रश आहेत माझ्याकडे."

सगळे खूश झाले. मग मी म्हणाले, "एक अट आहे. कोपऱ्यात पप्पांचं नाव लिहीन."

उपासनेनंतरचा चहा चालला होता. सगळ्यांचे कप हातातच राहिले.

"अगं करुणा," भालेराव अंकल म्हणाले. आता ते कमिटीचे सेक्रेटरी आहेत, तुम्ही होतात तोवर नुसते तुमचे दोस्त होते. "वर काय लिहिलंय? सर्व गौरव देवाला. सर्व! आणि त्याच्याखाली तू माणसाचं नाव टाकणार? म्हणजे सगळं देवाला आणि उरलंसुरलं दानिएल पेंटरला?"

हसले सगळे. विनोद चांगला होता, एरवी मीही हसले असते. पण उकडत होतं म्हणून की काय, मी वर बघितलं, आणि मला पंखे दिसले.

पप्पा, आपल्या चर्चमध्ये अकरा पंखे आहेत. एकूण एक पंख्याच्या पात्यावर नाव आहे. ख्रिस्तवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवाराकडून सप्रेम. बाकांच्या पाठीवर नावं आहेत. पाण्याच्या कूलरवर नाव आहे. दानपेटीवरसुद्धा आहे! मी आत्ता बसलेय त्या बाकावर देणाऱ्याच्या नावाखाली त्याचं खातं आणि हुद्दा लिहिलाय, आणि कंसात निवृत्त. आणि ही सगळी नावं कुणी लिहिली? तुम्ही. पंखे खाली उतरवून, मांडीवर पातं घेऊन, एकेक अक्षर कोरल्यासारखं काढलंत. पंखा फिरायला लागला की कुणाचंच नाव वाचता येत नाही, ही देवाचीच युक्ती आहे, असं म्हणून हसायचात.

मी कमिटीला म्हणाले, "वर बघा अंकल. देणाऱ्याचं नाव चालतं आणि करणाऱ्याचं चालत नाही, हे कुठं लिहून ठेवलंय?"

आवाज चढला होता माझा. वेदीसमोर चढायला नको होता, पण चढला.

भालेराव अंकल चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "तुझ्या बापानेच नको म्हटलं होतं, बाळा. तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. पाळकसाहेब नवीन आहेत, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. वयाने माझ्याहून लहान. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करुणाताई, कमिटीचं मत नाही असंच आहे. पण ब्रश तुमच्या हातात आहे. जे लिहाल त्याचं उत्तर रविवारी मंडळीला तुम्ही द्यायचं. नाही पटलं, तर भिंत पांढरी होईल आणि लाइटची अक्षरं येतील."

तो रविवार उद्या आहे. म्हणजे कोपरा रिकामा ठेवला, तर तुमची भिंत वाचते. नाव लिहिलं, तर कदाचित नावही जाईल आणि भिंतही. मम्मी दोन आठवडे हेच म्हणत होती. "त्यांना नको व्हतं ना? मग कशाला हट्ट करायलीस?"

हट्ट! पप्पा, हट्टी कोण होतं आपल्या घरात?

तुर्भ्यापासून उरणपर्यंत ट्रक रंगवणारा एक पेंटर दाखवा, जो मागच्या फाळक्याच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकत नाही. पद्धतच आहे ती. मोर काढला, कमळ काढलं, ट्रेलरचा नंबर टाकला, की खाली पेंटर अमुक. दुकानाच्या पाटीवर, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या भिंतीवरही. हात यथातथाच असलेली माणसंही नाव मात्र ठळक टाकायची. आणि तुम्ही, ज्याचं अक्षर बघायला जासईच्या कंटेनर यार्डात ड्रायव्हर चहा सोडून उठायचे, तुमचा कोपरा रिकामा!

कुणी विचारायचं, "पेंटर, नाव नाय टाकला?" की तुम्ही उजवा हात वर करणार. "हात त्याचा. मी नुसता ब्रश धुतो."

लहानपणी मला हे फार भारी वाटायचं. शाळेत मी मैत्रिणींना सांगायचे, माझ्या पप्पांचा हात देवाचा आहे. आता वाटत नाही भारी. देवाचा हात होता, तर तो टर्पेंटाइनने फाटला कसा? थंडीत बोटांच्या भेगांतून रक्त यायचं आणि मम्मी खोबरेल चोळायची, ते कुणाच्या बोटांना? अंगठ्याचं पेर शेवटी एवढं सुजलं की शर्टाचं बटण लागेना. ते मी लावून द्यायचे, रोज सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी. तो हात मी तुमच्याहून जास्त बघितलाय, पप्पा. तो तुमचाच होता.

आणि चुकलं की मग कुणाचा व्हायचा तो हात? हीच भिंत आठवते ना? मी नऊ वर्षांची होते. नाताळ तोंडावर आला होता आणि प्लास्टर ओलं होतं. तुम्ही म्हणालात, अजून पंधरा दिवस द्या, ओल्या भिंतीवर रंग धरणार नाही. कमिटीने घाई केली. नाताळला सगळे नवे कपडे घालून आले, भिंत बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तुम्ही नेहमीसारखा हात वर केलात. गौरव देवाचा! महिन्याभरात फुगे आले. एकेक अक्षर भाजलेल्या पापडासारखं दिसायला लागलं. तेव्हा उपासनेनंतर उभे राहून तुम्ही काय म्हणालात? "चूक माझी आहे. मला कळायला हवं होतं." आणि तीन शनिवार खरवडून, घासून, सगळं पुन्हा काढलंत. मी खाली बसून पोपडे गोळा करत होते.

चांगलं झालं की देवाने केलं आणि बिघडलं की दानिएलने! ही कुठली वाटणी? कमिटीतल्या एकाने तरी म्हटलं का, घाई आमची होती? नाही म्हटलं. तुम्ही म्हणूच दिलं नाहीत त्यांना. तुमच्या नम्रतेने त्यांची फार सोय झाली, पप्पा. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण नऊ वर्षांच्या पोरीचं कोण ऐकणार?

आता माझं स्वतःचं. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली होती. शाळेच्या बोर्डावर नाव लागलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा! दप्तर पाठीवर तसंच घेऊन मी तुर्भ्याला धावत आले. तुम्ही एका ट्रकच्या केबिनवर वाकून काम करत होतात. खाली उतरलात, हात पुसलेत, निकालाचा कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलात. मला वाटलं, आता. आता म्हणतील. तुम्ही कागद घडी करून माझ्या हातात दिलात. "देवाचे आभार मान. आणि ते ब्रश धू, वाळायला लागलेत."

मी ब्रश धुतले. रॉकेलच्या डब्यावर वाकून रडत धुतले. तुम्हाला वाटलं रॉकेलने डोळे चुरचुरतायत.

रात्री मम्मीने समजावलं, पोरीला गर्व व्हायला नको म्हणून ते बोलत नाहीत. गर्व! आम्हाला गर्व व्हायला होतं काय पप्पा? गणवेशाची बाही उसवलेली होती माझी. एक शाबास म्हणाला असतात, तर काय आभाळ कोसळणार होतं?

तुमची पोर शहाणी निघाली. शिकली तुमच्याकडून. महाप्याच्या ऑफिसात मी एका औषधाच्या कंपनीसाठी खोक्यांच्या डिझाइनची आख्खी मालिका केली. रंग माझे, अक्षर माझं, चार महिने त्यात गेले. मोठ्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? आणि मी, दानिएल पेंटरची मुलगी, काय बोलले? "सगळ्यांनी मिळून केलं, सर. देवाची कृपा." शेजारचा मुलगा सावरून बसला आणि पुढची वीस मिनिटं तोच बोलला. वर्षभरात तो माझा साहेब झाला. त्याला दोष नाही. टाकून दिलेली वस्तू त्याने उचलली.

त्या दिवशी घरी येऊन मी तुम्हाला म्हणाले, डोकं दुखतंय. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत, डोकेदुखीची. मला इतका राग आला होता तुमचा!

गेल्या महिन्यात पुन्हा तसाच प्रश्न आला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "हे मी केलं, सर. देवाची कृपा आहेच. पण केलं मी." आभाळ जागेवरच होतं.

तुमच्या आवडत्या दाखल्याबद्दलही एकदा बोलायचंच होतं. धनी प्रवासाला जातो आणि जाताना नोकरांच्या हाती आपली संपत्ती सोपवतो, तो. एकजण भीतीने ती जमिनीत पुरून ठेवतो आणि शेवटी बोलणी खातो. संडे स्कूलला तुम्ही हा दाखला सांगायचात तेव्हा तो पुरणारा माणूस असा काही रंगवायचात की आम्ही पोरं घाबरून खिसे चाचपायचो. पण ज्यांनी राबून वाढवलं, त्यांना धनी काय म्हणाला, ते मात्र तुम्ही घाईघाईत उरकायचात. का? धनी त्यांना शाबास म्हणाला, पप्पा! माझंच होतं, माझ्याकडेच परत आलं, तुझं काय त्यात, असं नाही म्हणाला. सगळं त्याचंच असून त्याने नोकराच्या पाठीवर हात ठेवला. देव जे द्यायला तयार आहे, ते तुम्ही मध्येच उभे राहून का अडवत होतात? स्वतःचं अडवलंत ते अडवलंत, माझंही?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. "बाळा, कौतुकाची चटक लागते. एकदा लागली की माणूस अक्षरासाठी काम करत नाही, टाळीसाठी करतो." खरं आहे. मी बघितलेत तसले लोक, आपल्याच गायनमंडळात दोन आहेत, नावं नाही घेत. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्याला चटक लागते त्याला लागू दे, म्हणून घरातल्या सगळ्यांचं जेवण बंद करतात का?

आणि मग ते हॉस्पिटल. शेवटचा आठवडा. तुम्हाला धाप लागत होती, तरी जमवून बोललात. "माझं नाव कुठं लावू नका. पंख्यावर नको, बाकावर नको, भिंतीवर तर नकोच. शब्द दे." मी दिला. जाणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? तुम्ही माझा हात दाबलात, आणि तेव्हासुद्धा मी त्या एका शाबासची वाट बघत होते. शेवटची संधी होती तुमची. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "ब्रश रॉकेलमध्येच ठेवलेत का गं? केस झडतील त्यांचे."

रागावू की हसू? मी घरी येऊन ब्रश धुतले.

तो शब्द आज मी मोडणार आहे. मंगळवारपर्यंत माझं नक्की नव्हतं, हे कबूल करते. भीती मंडळीची नव्हती, तुमची होती. बुधवारी जासईहून म्हात्रेकाकांचा फोन आला. तेच, ज्यांचे दोन ट्रेलर तुम्ही रंगवायचात.

"करुना, जुना ट्रेलर भंगारान चाललाय. तुजे बापाचा काम हाय त्यावर. द्याचे आदी येऊन बघून जा."

मी मम्मीला घेऊन गेले. यार्डाच्या मागे चिखलात उभा होता तो, टायर काढलेला. मोराचे रंग उडालेत, नंबर मात्र जसाच्या तसा. म्हात्रेकाका आम्हाला मागे घेऊन गेले, फाळक्यावरची धूळ गमछ्याने पुसली आणि म्हणाले, "यो बघ."

उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, पेंटर दानिएल.

पप्पा! तुमचं नाव! आणि तुमच्याच अक्षरात!

मम्मीने पदराचं टोक तोंडात धरलं. तीस वर्षं आम्हाला हात त्याचा, हात त्याचा सांगता आणि इकडे जासईच्या चिखलात हे? खरं सांगते, मला आधी आनंद झाला नाही. फसवल्यासारखं वाटलं.

म्हात्रेकाका हसायला लागले. "अगो, त्याने नाय टाकला पयला. मीच टाकला. मी बोललो, पेंटर, सगल्या उरनान असा काम कुनाचा नाय, नाव टाक. यो बोलतो, हात त्याचा. मी बोललो, बरा, मंग मीच टाकतो. त्यो जेवाला गेला न मी ब्रश घेतला. माजा अक्षर म्हंजे कोंबरीचे पाय! पेंटर आला, बघतच ऱ्हेला. मना वाटला, आता पुसतो. मी बोललो, पुसाचा नाय हां, ट्रेलर माजा हाय! त बोलतो, पुसत नाय म्हात्रे, पन असा लंगरा अक्षर मना बघवत नाय. बसला इथं खाली मांडी घालून. अर्धा तास. एकेक अक्षर सरल केला न मंग उठला."

मी फाळक्याजवळ खाली बसून बघितलं. नीट बघितलं की तुमच्या अक्षरांच्या कडेने म्हात्रेकाकांची जाड रेघ अजून दिसते. 'द' केवढा पोटात गेला होता, तो तुम्ही वर ओढून घेतलाय.

हातात टर्पेंटाइनचा बोळा होता तुमच्या. एका फटक्यात गेलं असतं. तुम्ही पुसलं नाहीत, सरळ केलंत. गर्व नव्हता तो, मला माहीत आहे. मोठ्या प्रेमाने लिहिलेलं खोडवत नव्हतं, आणि वाकडं अक्षर बघवत नव्हतं, मग ते तुमच्या स्वतःच्या नावाचं का असेना. मी तिथे चिखलात बसून रडले, आणि मग हसले. म्हात्रेकाकांनी घाबरून पाण्याची बाटली आणली.

रिक्षाने परत निघालो. नेरूळ जवळ आलं तेव्हा मम्मी म्हणाली, "मला न्हाई सांगितलं कधी. चोर कुठले!" आणि थोड्या वेळाने, "लिही तू. पण ल्हान लिही. आन भालेरावभाऊंना मी बघते."

म्हणजे आता घरातून बहुमत आहे, पप्पा. तुम्ही एकटे पडलात.

उद्या मंडळीने विचारलं तर काय सांगायचं, ते मी ठरवलंय. गौरव देवालाच आहे. वर लिहिलंय, हातभर उंचीच्या अक्षरांत, आणि मीच लिहिलंय, विश्वास ठेवून लिहिलंय. खाली फक्त पहिला हात कुणाचा होता तेवढंच लिहिलंय. देवाला ते माहीत आहे, त्याला पाटी लागत नाही. विसरतो आपण. शेजारी नऊ वर्षांची पोरं बसतात, त्यांना कळू दे की हे देवदूतांनी येऊन काढलं नव्हतं, एका माणसाने काढलं होतं, बोटं फाटेपर्यंत. आणि तरीही पुसा म्हणाले, तर मी पुसणार नाही. ज्याला पुसायचंय त्याने शिडीवर चढावं. अॅक्रिलिक लावलं, तरी त्याच्या मागच्या भिंतीवर मी काय लिहिलं होतं, ते सगळ्यांच्या लक्षात राहील. आणि एक नाव तुम्हाला खोडता आलं नाहीच. बँकेपासून रेशनपर्यंत जो फॉर्म भरते, त्यात माझ्या नावापुढे तुमचं नाव येतंच.

नम्र राहायचं होतं तुम्हाला, राहिलात. तुमचं ते तुमच्याजवळ, आणि देवाजवळ. पण शाबास म्हणायचा हक्क माझा आहे. तुम्ही मला म्हणाला नाहीत म्हणून मी तुम्हाला म्हणणार नाही, असं होणार नाही. शाबास, पप्पा. भिंत सुंदर होती. दोन्ही वेळची.

आत्ताच जाऊन 'देवाला'ला बोट लावून आले, रंग लागत नाही. वाळला बहुतेक. उठते.

आधीचा शब्द मोडतेय, तर नवा देते. तुमचं नाव मी वाकडं लिहीन. मुद्दाम! सरळ रेषेसाठी दोरी न मारता, काठी न टेकता, म्हात्रेकाकांसारखं, कोंबडीच्या पायांनी. 'द' पोटात घालीन, 'ल' आडवा पाडीन. तुम्हाला बघवणार नाही, मला पक्कं ठाऊक आहे. नसेल बघवत तर या ना! उद्या दहाच्या उपासनेपर्यंत वेळ आहे. काठी शिडीला टेकवून जाते, काळ्या रंगाचं झाकण सैल ठेवते. नाही आलात, तर दर रविवारी मंडळी ते वाकडंच वाचेल, आणि मी सरळ करणार नाही.

ब्रश मात्र धुऊन ठेवीन.

तुमची,
करुणा दानिएल साळवे